खोली गोल्फची, माप बाबांचं

आपल्या घरांत कसल्या कसल्या खोल्या असतात! देवघर असतं, कोठीची खोली असते, जागा असेल तर मुलांच्या अभ्यासाची आणि ऐपत असेल तर सिनेमा पाहायचीसुद्धा. पण गोल्फची खोली? ज्या खेळाला शे-दीडशे एकर हिरवळ लागते तो घरात आणायचा म्हणजे समुद्र बादलीत भरण्यातलाच प्रकार. तरी असा उद्योग करणारी माणसं असतात, आणि ती सगळीच लक्षाधीश नसतात. इंदूरच्या एका मराठी कुटुंबाने २०२४ साली अशी खोली बांधली. ती बांधताना घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती, असं त्या घरच्या आई सांगतात.

घरातले वडील सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, वय ७५. लष्कर आणि गोल्फ यांचं नातं आपल्याकडे जुनं. इंग्रजांनी हा खेळ फार लवकर इथे आणला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. पुढे छावणी तिथे गोल्फचं मैदान, असा रिवाजच पडला. बाहेर ज्या खेळाच्या सभासदत्वासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात आणि लाखांनी पैसे मोजतात, तो सैन्यातल्या साध्या घरच्या मुलाला नोकरीबरोबर मिळतो. कर्नलसाहेबांना तो निलगिरीतल्या वेलिंग्टनला मिळाला, आणि पुढे बदली होईल तिथे सामानाबरोबर गोल्फची पिशवी गेली. निवृत्तीनंतर ते होळकरांच्या काळापासून घराणं असलेल्या इंदूरला परतले, त्याचं निम्मं कारण म्हणजे महू. महूचं नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर झालं, पण जुन्या फौजी मंडळींच्या तोंडी अजून महूच आहे. घरापासून पाऊण तासाचा रस्ता. २००४ साली कॅन्टीनमधून घेतलेली मारुती ८०० काढायची, आठवड्यातून तीन सकाळी तिथे पोचायचं, अठरा होल खेळायचे. म्हणजे सहा-सात किलोमीटर चाल आपोआप व्हायची.

२०२१ मध्ये डोळे तपासले तेव्हा काचबिंदू निघाला. मोतीबिंदू काढता येतो, काचबिंदूचं तसं नाही. त्यात नजरेची कड हळूहळू विझत जाते, समोरचं दिसतं आणि बाजूचं नाहीसं होतं. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढंच हाती असतं. (चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यातला दाबही तपासून घ्यावा, तो याचसाठी.) पुढच्या वर्षी दोन्ही गुडघे बदलले. मग गंमत अशी झाली, की गुडघ्याच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी खेळायला परवानगी दिली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिथवर मोटार चालवत जायची काढून घेतली.

काही रविवार मुलगा घेऊन गेला. पण आता मारलेला चेंडू कुठे गेला हे साहेबांना दिसेना. कॅडी बोट दाखवून सांगे, तोवर चेंडू खाली आलेला असे. उंचसखल जमिनीवर पाऊल टाकताना कडेचा खड्डा कळेना. मग "आज ऊन फार आहे", "आज राहू दे" असं सुरू झालं. पिशवी दारामागे उभी राहिली. मोटार मात्र ते दर रविवारी पोर्चमध्ये दहा मिनिटं चालू करून ठेवत, बॅटरी उतरू नये म्हणून.

मुलगा संगणक क्षेत्रातला. घरात बसवायच्या यंत्राबद्दल त्याने वाचलं होतं. त्याला सिम्युलेटर म्हणतात. कल्पना अवघड नाही. समोर जाड कापडी पडदा, त्यावर प्रोजेक्टरने मैदानाचं चित्र, पायाखाली हिरवळीसारखी चटई. चेंडू खराच, काठीही खरी. चेंडू उडताक्षणी त्याचा वेग, कोन आणि फिरकी एक छोटं यंत्र टिपतं आणि उरलेला प्रवास संगणक हिशेबाने पडद्यावर दाखवतो. प्रत्यक्षात चेंडू बारा फूट जाऊन पडद्यावर आपटतो, चित्रात तो दोनशे यार्डांवर पडतो. दक्षिण कोरियात तर या प्रकाराची पेठच आहे. गोल्फझॉन ही तिथली कंपनी २००० साली निघाली आणि कोरियन शहरांत लोक ऑफिस सुटल्यावर 'स्क्रीन गोल्फ' खेळायला जाऊ लागले, आपल्याकडे कॅरम क्लबात जात तसे. थंडीत मैदानं बर्फाखाली जातात त्या अमेरिकेत लोक तळघरात नाहीतर गॅरेजमध्ये ही सोय करतात. आपल्याकडे ना तळघर, ना गॅरेज. तेव्हा खोली कुठली घ्यायची?

मुलाने जी खोली मनात धरली होती ती ताईची. ताई नागपूरला शिक्षिका आहे. वर्षातून दोनदा येते, दिवाळीत आणि मेमध्ये. एरवी खोली बंद. रविवारी पोहे खाताना त्याने विषय काढला आणि आईंनी बशी खाली ठेवली.

"ती माहेरी आली की कुठे झोपायचं? तुझ्या पडद्यामागे?"

"अगं आई, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. हॉलमध्ये सोय करू."

"पाहुण्यांची सोय हॉलमध्ये करतात. ती पाहुणी आहे का?"

सुनेने हा वाद शहाणपणाने ऐकला आणि म्हणाली, आधी खोली मापून तर बघा, पुरतच नसेल तर भांडण कशाला. आणि खरोखरच बहुतेक घरांत हे प्रकरण इथेच अडतं. लोक पैशाचा हिशेब आधी करतात, तर करायचा असतो छताचा. गोल्फचा फटका मारताना काठी डोक्यावरून पूर्ण फिरते. सगळ्यात लांब काठी, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती साधारण ४५ इंचांची. उंच माणसाला नऊ फूट उंची कशीबशी लागते, निर्धास्त खेळायला दहा. आपल्या बंगल्यांत छत साडेनऊ-दहा फुटांवर असतं. त्याखाली पंखा, आणि हौसेने केलेलं फॉल्स सीलिंग असलं तर तेही अर्धा-पाऊण फूट खातं. खोली लांबीला सोळा-अठरा फूट हवी. रुंदीला एका हाताचे खेळाडू असतील तर दहा-अकरा फुटांत भागतं. ताईची खोली होती चौदा बाय अकरा, फॉल्स सीलिंगखाली उंची नेमकी नऊ फूट.

पंखा उतरवला. मुलाने ड्रायव्हरच्या टोकाला खडूच्या भुकटीत बुडवलेला स्पंजचा तुकडा बांधला आणि भिंतीला लागून हळूहळू काठी फिरवली. भिंतीवर पांढरी कमान उमटली. तिचा माथा आठ फूट अकरा इंच. छतापासून एक इंच. जोरात मारला असता तर प्लास्टर खाली आलं असतं.

मग कर्नलसाहेबांनी काठी घेतली. या माणसाने वेलिंग्टनच्या क्वार्टरमध्ये नुसता सराव दाखवताना दिव्याची काचेची हंडी फोडली होती. आईंना तिचे सरकारला भरलेले पैसेही आठवतात. त्यांनी पाय रोवले, काठी मागे नेली, पुढे आणली. त्यांची कमान मुलाच्या कमानीच्या बरीच आत उमटली. खांदा पूर्वीसारखा वळत नव्हता, नवे गुडघे वजन तितकं घेत नव्हते. माथा मोजला तर आठ फूट एक इंच.

भिंतीवर दोन कमानी, एकात एक. मुलगा टेप गुंडाळत राहिला. साहेबांनी चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि म्हणाले, "चला, माझ्यापुरती उंची भरपूर आहे. तुझंच डोकं आड येतंय."

ही गोष्ट अशा खोल्यांच्या जाहिरातींत कुणी सांगत नाही. खोली यंत्राच्या मापाने बांधत नाहीत, एका माणसाच्या अंगाच्या मापाने बांधतात, आणि ते माप वयाबरोबर बदलतं. मुलाच्या मनात होते महूला सकाळी सहाला पिशवी खांद्यावर टाकणारे बाबा. बांधायची होती ती पंचाहत्तरीच्या, कडेचं न दिसणाऱ्या बाबांसाठी. त्या दिवसानंतर त्याने कागद नव्याने मांडला.

गच्चीचा पर्याय मिस्त्रीने सुचवला. वर हवी तेवढी उंची मिळेल, हवी तेवढी रुंदी. यंत्राच्या दृष्टीने ती आदर्श जागा. पण वर जायला एकवीस पायऱ्या, आणि माळव्यातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीची भट्टी होते. गुडघे बदललेल्या माणसासाठी बांधलेली खोली त्याला चढताच येऊ नये, हा शहाणपणा नव्हे. गच्ची पाच मिनिटांत निकालात निघाली.

उरलं पोर्च. त्याकडे लक्ष जायला दोन आठवडे लागले, कारण तिथे मारुती उभी होती. पोर्चची एक खुबी अशी की त्याची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली असते. इथे ती दीड फूट खाली होती, त्यामुळे स्लॅब पावणेअकरा फुटांवर. लांबी वीस फूट, रुंदी तेरा. घरातून दोन पायऱ्या उतरायच्या आणि हाताला कठडा. इतकी बेतशीर जागा घरात दुसरी नव्हती.

"मोटार कुठे ठेवायची?" मुलाने विचारलं.

"विकायची," कर्नलसाहेब म्हणाले. "डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलंय. मीच ऐकत नव्हतो."

ओळखीचा गॅरेजवाला येऊन गाडी घेऊन गेला. जाण्याआधी साहेबांनी पुढचा कप्पा रिकामा केला. त्यात लाकडी टी निघाल्या, म्हणजे चेंडू ठेवायच्या त्या खुंट्या, मूठभर. आणि गुण लिहायच्या पेन्सिलींची थोटकं.

आता मुलाने ज्याला तांत्रिक भाग म्हणतात तो हाती घेतला. सगळ्यांत आधी वास्तुविशारद आणि महापालिका, कारण पोर्च चारी बाजूंनी बंद केलं की ते बांधकामाच्या क्षेत्रात धरलं जाऊ शकतं. 'आपलंच घर आहे' म्हणून भिंत उभी करणारे पुढे नोटिशीला उत्तरं देत बसतात. परवानगीनंतर बाजूला हलक्या ब्लॉकच्या भिंती आल्या. मिस्त्रीने पाण्याची नळी लावून लेव्हल पाहिली तेव्हा कळलं, की पोर्चची जमीन बाहेरच्या बाजूला अडीच इंच उतरती आहे. मोटार धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून तो उतार मुद्दामच असतो. मोटारीला चालतो, गोल्फला नाही. चेंडू घरंगळतो आणि उभं राहणाऱ्याचं वजन एका पायावर जातं. वर नवा कोबा घालून सपाट केलं आणि पावसाचं पाणी शिरू नये म्हणून बाहेरच्या दाराला चार इंचांचा उंबरठा घातला.

खरी पंचाईत केली बीमने. स्लॅब पावणेअकरा फुटांवर, पण मधोमध आडवा बीम खाली उतरून साडेनऊ फुटांवर आलेला, आणि हिशेबाने चेंडू नेमका त्याच्या खाली येत होता. मुलाचा फटका जेमतेम सुटला असता, पण 'जेमतेम'वर काठी फिरवायची नसते. दोन रात्री तो कागदावर रेघा मारत होता. शेवटी चेंडूची जागा तीन फूट मागे घेतली. पडदा बारा फुटांवर गेला. लांबून मारल्यामुळे भरकटलेले चेंडू बाजूला जाणार, म्हणून दोन्ही भिंतींना जाळ्या वाढल्या, पण पडद्यावरून उलट येणाऱ्या चेंडूचा जोरही त्यामुळे कमी झाला. आणि बीमने भरपाई केली. प्रोजेक्टर त्याच्या पुढच्या अंगाला, पडद्याकडे तोंड करून टांगला. चेंडू वर उडालाच तर आधी बीमला लागणार. पलीकडे साडेदहा फूट रुंद चित्र पडतं आणि खेळणाऱ्याची सावली त्यावर येत नाही.

पडद्याचं काम हलक्यात घेऊ नये. गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमपेक्षाही हलका आणि पावणेदोन इंचांहून थोडा लहान, पण हौशी माणसानेही ड्रायव्हरने चांगला मारला तर ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. साधी चादर किंवा फ्लेक्स एका आठवड्यात फाटेल. खास विणीचा, अनेक थरांचा पॉलिएस्टरचा पडदा लागतो. तो ताणून न बसवता लवचीक दोऱ्यांनी किंचित सैल टांगायचा आणि मागे भिंतीपर्यंत फूटभर जागा रिकामी सोडायची. चौकटीच्या लोखंडी पाइपांवर जाड फोम हवा, नाहीतर पाइपवर आपटलेला चेंडू सरळ मारणाऱ्याकडे येतो. चटईखाली नुसता कोबा नको, हजार वेळा आपटून कोपर आणि मनगट धरतं. तिथे रबराचा थर घातला. पडद्याची बाजू रस्त्याकडे ठेवली, कारण फटक्याचा धप् आवाज स्वयंपाकघरातच काय, शेजारच्यांच्या वामकुक्षीतही शिरतो. दुपारी दोन ते चार खेळ बंद, हा नियम सुनेने दारावर लावला आहे.

मोजणाऱ्या यंत्राच्या किमती साधारण साठ-सत्तर हजारांपासून वीस लाखांच्या पुढे जातात. रडारवर चालणारी यंत्रं चेंडूच्या मागे ठेवावी लागतात आणि त्यांना मागेपुढे बरीच जागा लागते. इथे मागे सातच फूट उरले होते, म्हणून चेंडूशेजारी बसणारं कॅमेऱ्याचं मधल्या किमतीचं यंत्र घेतलं. सगळा खर्च एका नव्या लहान मोटारीइतका आला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पावत्या असतात, आणि त्या आईंकडे जपून आहेत.

चेंडू खोलीच्या मधोमध ठेवायचा की बाजूला, यावर पुन्हा घर हललं. उजव्या हाताने खेळणारा पडद्याकडे पाहता चेंडूच्या डावीकडे उभा राहतो. म्हणून अरुंद खोलीत चेंडू उजवीकडे सरकवतात, मागे काठी फिरवायला मोकळीक मिळते. मुलाने तसंच आखलं होतं. बाबा उजवे, तो उजवा. आईंनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "ताई कुठे उभी राहणार?"

ताई डावखुरी. वेलिंग्टनला सात-आठ वर्षांची असताना बाबांबरोबर मैदानावर जायची. तिच्यासाठी डावखुऱ्या काठ्या कापून घेतल्या होत्या. बाजूला सरकवलेल्या चेंडूवर तिची काठी भिंतीत गेली असती. मुलगा गप्प झाला. आधी तिची खोली मागितली होती, आता तिची जागाही पुसली होती. ताई राखीला आली तेव्हा तिला मधल्या खुणेवर उभं करून काठी फिरवायला लावली. तेरा फुटांत दोन्ही बाजूंना वीतभर जागा सुटली. चेंडू मधोमध राहिला. वीस वर्षांनी काठी धरलेल्या ताईचे पहिले चार फटके जाळीत गेले, हे तिनेच हसत सांगितलं.

एक गोष्ट मात्र आईंनी कुणालाही न विचारता ठरवली. घरात सहा वर्षांचा नातू. आजोबांना बाजूचं दिसत नाही, आणि काठीचं टोक तर त्यांच्या हातातही ताशी शंभरच्या वर जात असेल. मूल धावत आत आलं तर? म्हणून घराकडच्या दाराला वरचा अर्धा भाग जाड काचेचा, कडी नातवाच्या हाताच्या वर, आणि खेळ सुरू असला की बाहेर लाल दिवा. आत जमिनीवर पिवळा पट्टा. बघणाऱ्याने पट्ट्याच्या मागे बसायचं. यंत्राच्या माहितीपत्रकात शंभर मैदानांची नावं आहेत, पण जिथे मूल आणि म्हातारं माणूस एका घरात राहतं, तिथे पहिला खर्च या दारावर व्हायला हवा.

आईंची दुसरी अट चालण्याची. खोलीत अठरा होल खेळून पन्नास पावलंसुद्धा होत नाहीत. म्हणून आधी सकाळी पाऊण तास कॉलनीत दोघांनी फिरायचं, मग पोर्च उघडायचं. साहेब कुरकुरतात, पण जातात. मैदानावरचं वारं, ओल्या गवताचा वास, खेळ संपल्यावरचा मित्रांबरोबरचा चहा, यांतलं काही पडद्यावर येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण चेंडूचा प्रवास मात्र आता त्यांना पुन्हा दिसतो. तो इकडेतिकडे शोधावा लागत नाही, समोरच असतो, आणि बाजूच्या टॅब्लेटवर आकडा मोठ्या अक्षरांत येतो. ड्रायव्हरने १४० यार्ड जातो. पूर्वी २२० जायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी तो आकडा बंद करायला लावला होता, नंतर स्वतःच चालू करून घेतला.

महूचा त्यांचा कॅडी दिवाळीत फराळाला आला. वीस वर्षं त्यांची पिशवी वाहिलेला माणूस. गोल्फमध्ये कॅडी नुसता हमाल नसतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर कॅडींच्याच जगातून वर आले, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिची पिशवी तिच्या आईनेच उचलली होती. हा गृहस्थ पिवळ्या पट्ट्यामागे उभा राहिला. पडद्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो साहेबांच्या पायांकडे पाहत होता. फटका बसला आणि चित्रात चेंडू वळायच्या आधी त्याने सांगून टाकलं, "राइट में गया, साहब." गेला होताही. तीन फटके पाहून तो चटईवर वाकला आणि हात फिरवून म्हणाला, "गेंद आधा इंच ऊपर है, आपके पैर नीचे."

मुलाने पट्टी लावली. चेंडूखालची चटई पायांखालच्या चटईपेक्षा खरंच अर्धा इंच जाड होती. दुसऱ्या दिवशी सुताराकडून बारा मिलिमीटरचा प्लाय कापून आणला आणि साहेबांच्या पायांखाली घातला. डाव्या बाजूलाही एक तुकडा घातला, कारण मे महिन्यात ताई येणार होती.